उंबरठ्यापाशी अडणारे पाऊल

प्रश्न : माझे वडील सत्तर वर्षांचे असून ते हायस्कूलमध्ये शिक्षक होते. चार वर्षांपूर्वी उजवा खांदा दुखू लागला, मग त्याच हाताला कंप सुटला आणि तपासण्यांनंतर डॉक्टरांनी पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, असल्याचे सांगितले. एमआरआय मात्र नॉर्मल आला होता. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ अशा तीन वेळा गोळ्या चालू आहेत. गोळी कडक म्हणून आई ती नाश्त्याबरोबर आणि पेलाभर दुधासोबत देते. सकाळी बाबांना सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत, आणि अकरा वाजता तेच बाबा मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या भरभर चढतात. घरी परतल्यावर स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी मात्र दोन-दोन मिनिटे उभे राहतात. आई म्हणते, "पायऱ्या चढता येतात, मग उंबरठा का ओलांडता येत नाही? सगळे मुद्दाम चालले आहे." त्यांचा चेहरा सतत रागावल्यासारखा असतो, माझा सहा वर्षांचा मुलगा त्यांच्याजवळ जायला बिचकतो. दीड महिन्यापूर्वी चक्कर येते म्हणून जवळच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या, त्या अजून चालू आहेत, आणि तेव्हापासून ते आणखी मंदावले आहेत असे मला वाटते. एक नातेवाईक खाजकुयलीचे चूर्ण सुचवतात. हा आजार पुढे मला किंवा माझ्या मुलाला होईल का? — सौ. वै., सातारा जिल्हा

सौ. वै. यांस,

सप्रेम नमस्कार.

सविस्तर उत्तराआधी एक काम आजच करायला सांगते. चक्कर येते म्हणून आणलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरांत मूळ औषधाचे नाव असते, ते वाचा. सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन यांपैकी एखादे नाव दिसले, तर बाबांच्या न्यूरॉलॉजिस्टना लगेच फोन करून कळवा आणि ती गोळी बंद करण्याविषयी विचारा. ही औषधे डोपामाइनच्या, म्हणजे मेंदूत हालचालींचे निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाच्या, कामात अडथळा आणतात; धडधाकट माणसाने ती महिनोन्महिने घेतली तर त्यालाही कंपवातासारखी लक्षणे दिसू लागतात, मग ज्याच्याकडे डोपामाइन मुळातच तुटपुंजे आहे त्याचे काय होत असेल हे सांगायला नको. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड आणि भ्रमावर दिले जाणारे हॅलोपेरिडॉल ही औषधेही त्याच जातीची आहेत. गोळी लिहून देणाऱ्याला दोष द्यावा असे मला म्हणायचे नाही. चक्कर म्हटले की आपल्याकडे ही गोळी सर्रास दिली जाते, आणि दवाखान्यातल्या गर्दीत आधीचा आजार सांगायचा राहून जातो. दीड महिन्यापासून बाबा मंदावले आहेत हे तुमच्या लक्षात आले, हे फार चांगले झाले.

चक्कर का येते याचाही शोध घ्यायला हवा. या आजारात रक्तदाब सावरणाऱ्या नसाही दुबळ्या होतात, शिवाय कंपवाताच्या गोळ्यांनी रक्तदाब थोडा उतरतो, त्यामुळे अंथरुणावरून एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. बाबांना पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजा आणि मग ते उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर दोन्ही आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.

आता आईंच्या वाक्याकडे येते, कारण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. आईंनी जे पाहिले ते अगदी बरोबर पाहिले आहे. पायऱ्या भरभर चढणारे आणि उंबरठ्यापाशी अडणारे बाबा एकच आहेत, आणि दोन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या आहेत. त्यावरून त्यांनी काढलेला अर्थ तेवढा चुकला आहे. बाबा मुद्दाम काहीही करत नाहीत. एक गोष्ट जमणे आणि तिच्यापेक्षा सोपी वाटणारी गोष्ट न जमणे, ही या आजाराची खूणच आहे, आणि ती समजून घेण्यासाठी आपण चालतो कसे हे आधी पाहावे लागेल.

आईंना विचारा, पोळी लाटताना लाटण्यावरचा कोणता हात केव्हा दाबायचा याचा त्या विचार करतात का? नाहीच करणार. एकीकडे फोनवर बोलणे चालू असते, दुसऱ्या शेगडीवरच्या दुधावर डोळा असतो, आणि हातांखाली पोळी आपोआप गोल होत जाते. पहिल्यांदा पोळी लाटायला शिकलेल्या मुलीला मात्र प्रत्येक दाब ठरवून द्यावा लागतो, आणि म्हणून तिची एक पोळी होईपर्यंत आईच्या चार होतात. शिकलेली हालचाल अंगवळणी पडते म्हणजे तिची जबाबदारी मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लिया नावाच्या पेशीसमूहांकडे जाते. चालणे, कूस बदलणे, बटण लावणे, सही करणे, चालताना हात हलवणे, बोलताना चेहऱ्यावर भाव उमटणे ही सगळी कामे तिथून परस्पर होत असतात, आणि आपल्याला त्यांची दादही नसते.

या पेशीसमूहांना डोपामाइन पुरवणाऱ्या पेशी मध्यमेंदूत एका लहानशा पट्ट्यात असतात. त्या पट्ट्याचा रंग काळसर असतो म्हणून त्याला सब्स्टँशिया नायग्रा, म्हणजे काळा पदार्थ, असे लॅटिन नाव पडले. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, आणि त्यांत या काळ्या पेशी अवघ्या काही लाख. कंपवातात अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाची घडी बिघडते, त्याचे गोळे पेशींत साचू लागतात आणि पेशी हळूहळू मरत जातात. हात पहिल्यांदा कापतो तोवर यांतल्या साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात. मृत्यूनंतर असा मेंदू उघडून पाहिला तर तो काळा पट्टा फिका पडलेला नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

डोपामाइन कमी झाले म्हणून हातपाय लुळे पडत नाहीत. बळ शाबूत असते, हे आईंना आवर्जून सांगा, कारण "अंगात ताकद आहे, मग करत का नाहीत" हा प्रश्न तिथूनच येतो. हरवलेले असते ते आपोआपपण. स्नायू ताठरतात, हालचाली मंद आणि आखूड होतात, आणि जे काम अंगवळणी पडले होते ते पुन्हा पहिल्या दिवसासारखे विचार करून करावे लागते. सदऱ्याला सहा बटणे असतात. प्रत्येक बटणासाठी अंगठ्याला, तर्जनीला, कापडाच्या काजाला आणि डोळ्यांना वेगवेगळा हुकूम सोडायचा, तोही ताठरलेल्या हाताने, असे रोज सकाळी करावे लागले तर आपणही थकून खाली बसू.

मग पायऱ्या का जमतात? कारण पायरी डोळ्यांना दिसते. प्रत्येक पायरीला एक स्पष्ट कड असते, ती कड पावलाला "इथवर ये" असे सांगते, आणि अशी बाहेरून खूण मिळाली की मेंदू बेसल गँग्लियांना वळसा घालून दुसऱ्या वाटेने, म्हणजे मेंदूचा वरचा थर आणि लहान मेंदू यांच्या मदतीने, पाऊल टाकू शकतो. घरातली गुळगुळीत फरशी अशी कोणतीही खूण देत नाही. त्यातच दाराची चौकट अरुंद, वळण घ्यायचे, पाऊल किती उचलायचे ते ठरवायचे, आतून कोणी तरी "या लवकर, पान वाढले आहे" म्हणते, आणि आधीच नाजूक झालेली चालीची लय तिथे तुटते. माणूस आतून पाऊल उचला म्हणून आदेश देत असतो आणि पाय जमिनीला चिकटून राहतात. यालाच पाऊल थिजणे म्हणतात. बाहेरून दोन मिनिटे शांत उभा दिसणारा माणूस त्या वेळी आत किती झटत असतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांच्याकडून मी अनेकदा ऐकले आहे, आणि बहुतेकांना पाऊल अडल्याचे जेवढे दुःख होते त्याहून जास्त मागे उभ्या असलेल्या माणसाने सोडलेल्या सुस्काऱ्याचे होते.

माझ्या तपासणीच्या खोलीच्या दारात एकदा एक आजी अशाच अडल्या. मुलगा हात धरून ओढत होता, सून "चला ना आई" म्हणत होती, आणि आजींची टाच उचललेली, पण चवडा फरशीला खिळलेला. सोबतचा दहा-बारा वर्षांचा नातू पुढे आला, चप्पल काढून त्याने आपले पाऊल आजींच्या पावलासमोर आडवे ठेवले आणि काही न बोलता उभा राहिला. आजींनी खाली पाहिले, डाव्या हाताने लुगडे जरा वर धरले, नातवाचे पाऊल ओलांडले आणि सरळ चालत खुर्चीपर्यंत आल्या. मुलाला ही युक्ती कोणी शिकवली नव्हती. घरी रोज पाहून त्यानेच ती शोधली होती.

तुमच्या घरी पाऊल आडवे ठेवण्याऐवजी रंगीत चिकटपट्टी वापरा, म्हणजे अडखळण्याची भीती राहणार नाही. उंबरठ्याच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन अशा ठळक रंगाच्या आडव्या पट्ट्या साधारण दीड-दीड फुटावर चिकटवा. रांगोळीच्या रेघा नकोत, पाय घसरेल. बाबा अडले की त्यांना ओढू नका आणि मागून ढकलू तर मुळीच नका, कारण वरचे अंग पुढे जाते, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. त्यांना थांबू द्या, एक श्वास घेऊ द्या, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर दोनदा हलवू द्या, आणि मग पट्टीकडे पाहून मोठे पाऊल टाकायला सांगा. ताल दिला तरी पाऊल सुटते. बाबा शिक्षक होते, म्हणजे शाळेच्या मैदानावरची लेझीम त्यांच्या कानांत असणारच. "एक, दोन, तीन, चार" असे शांत, ठाम आवाजात मोजून पाहा, किंवा त्यांच्या आवडीच्या अभंगाचा ठेका टाळीवर धरा. वळताना जागच्या जागी गर्रकन न वळता मोठा वळसा घ्यावा. चालताना त्यांच्या हातात चहाचा कप देऊ नये आणि त्याच वेळी प्रश्नही विचारू नये. चालणे हेच आता लक्ष देऊन करायचे काम झाले आहे, त्यात दुसरे काम मावत नाही.

दिवसाच्या वेळेनुसार फरक का पडतो, हे गोळीच्या हिशेबात आहे. तुम्ही गोळीचे नाव लिहिलेले नाही, पण वेळापत्रकावरून ती लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची जोडगोळी असावी. डोपामाइन तोंडाने दिले तरी ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरू शकते आणि आत गेल्यावर तिचे डोपामाइन बनते. कार्बिडोपाचे काम एवढेच, की हे रूपांतर वाटेतच होऊ द्यायचे नाही. आजाराच्या पहिल्या वर्षांत उरलेल्या पेशी डोपामाइन साठवून पुरवून वापरतात, त्यामुळे तीन गोळ्यांत दिवस सुरळीत जातो. पेशी आणखी घटल्या की साठवायला कोठार उरत नाही, आणि सुमारे दीड तासात रक्तातली लेव्होडोपा निम्म्यावर येते तशी हालचालही उतरते. रात्री आठची गोळी दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत पुरणे शक्यच नाही. म्हणजे बटणे लावायची वेळ येते तेव्हा बाबांच्या मेंदूत डोपामाइन जवळजवळ नसते, अकराच्या सुमारास ते पुरेसे असते, आणि देवळातून घरी परतेपर्यंत दोनच्या गोळीची वाट पाहण्याची वेळ आलेली असते. बाबांच्या वागण्याचे वेळापत्रक आईंनी आजवर स्वभावाशी जोडले. ते गोळीशी जोडून पाहा, सगळे जुळेल.

आणि आता दूध. आई काळजीपोटी गोळी दुधासोबत देतात, पण त्यानेच गोळीचा अंमल उशिरा आणि कमी होत असण्याची दाट शक्यता आहे. लेव्होडोपा हे एक अमिनो आम्ल आहे. दूध, डाळ, पनीर, अंडी यांतल्या प्रथिनांपासून निघणारी अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा यांना आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाण्यासाठी एकाच दरवाजातून जावे लागते, आणि तिथे गर्दी झाली की गोळी मागे राहते. म्हणून गोळी जेवण-नाश्त्याच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने, पेलाभर साध्या पाण्याबरोबर द्या. मळमळ होत असेल तर सोबत कोरड्या पोळीचा तुकडा किंवा एखादे बिस्कीट चालेल. लोहाची गोळी चालू असेल तर तीही वेगळ्या वेळी द्यावी. दूध बंद करायचे नाही, डाळ तर नाहीच. या आजारात वजन घटते आणि प्रथिनांची गरज असते, फक्त त्यांची वेळ गोळीपासून दूर हवी. एवढा बदल केल्यावर गोळी जोरात लागू पडून अंग आपोआप डुलू लागले किंवा हातपाय वळवळू लागले, तर तसे डॉक्टरांना सांगा. मात्रा ठरवायची ती त्यांनीच. पहाटे जाग आल्याबरोबर पहिली गोळी द्यावी का, आणि तीनऐवजी चार वेळा कमी-कमी मात्रेत विभागावी का, हेही त्यांना विचारा. गोळ्या स्वतःहून एकदम कधीही बंद करू नका. तसे केल्यास अंग लाकडासारखे ताठ होऊन तीव्र ताप येऊ शकतो, आणि ती जिवावर बेतणारी अवस्था आहे. दुसऱ्या कोणत्याही कारणाने रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरी गोळ्यांच्या वेळा तिथे पाळल्या जातील हे पाहणे तुमच्याच हाती राहील.

खाजकुयलीविषयी तुमच्या नातेवाइकांचे म्हणणे निराधार नाही, हे प्रथम मान्य करते. तिच्या बियांत लेव्होडोपाच असते, आणि १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनी ती त्या बियांतून वेगळी काढली होती. या आजाराच्या इतिहासात आपल्याकडची आणखी एक वनस्पती आहे. सर्पगंधेच्या मुळांपासून काढलेले रिसर्पीन हे औषध दिल्यावर ससे हालचाल थांबवून निपचित पडतात, आणि लेव्होडोपा टोचली की पुन्हा उठून फिरू लागतात, हे स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवले. डोपामाइन आणि हालचाल यांचा संबंध तिथे उघड झाला, आणि २००० साली त्यांना नोबेल मिळाले. मला या योगायोगाचे नेहमी अप्रूप वाटते, की हालचाल हिरावणारी आणि हालचाल परत देणारी अशा दोन्ही वनस्पती आपल्याच रानात उगवतात. तरीही चूर्ण सुरू करू नका. चमचाभर चूर्णात लेव्होडोपा किती आहे हे बियांगणिक बदलते, गोळीतून आधीच लेव्होडोपा मिळते आहे, आणि ती नकळत दुप्पट झाली तर भ्रम होणे, रक्तदाब कोसळणे, अंग वळवळणे असे प्रकार होतात. बाबांना आधीच चक्कर येते, हे विसरून चालणार नाही. आयुर्वेदिक उपचार घ्यायचाच असेल तर न्यूरॉलॉजिस्टना सांगून घ्या, लपवून नको.

तुमचा मुलगा आजोबांना बिचकतो, हे वाचून मला वाईट वाटले. चेहऱ्यावर भाव उमटणे हीसुद्धा आपोआप होणारी हालचाल आहे. ती मंदावली की पापण्या कमी मिटतात, ओठांचे कोपरे हलत नाहीत आणि चेहरा मुखवट्यासारखा होतो. आत आनंद झालेला असतो, तो चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही एवढेच. सहा वर्षांच्या मुलाला हे समजते. "आजोबांचा चेहरा झोपला आहे, आजोबा जागे आहेत" असे सांगून पाहा, आणि त्याला आजोबांचा हात धरायला सांगा. आवाजाचेही तसेच. बाबांना वाटते आपण नेहमीच्याच आवाजात बोलतो आहोत, पण ऐकणाऱ्याला पुटपुटणे ऐकू येते, आणि मग "मोठ्याने बोला" हे दिवसभर ऐकून माणूस बोलणेच कमी करतो. बाबांना रोज दहा मिनिटे वर्तमानपत्र वाचायला सांगा, आणि ते शेवटच्या बाकावरच्या मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात. ज्यांनी आयुष्यभर वर्ग सांभाळला त्यांना ही सूचना बरोबर समजते, नातवाला समोर बसवले तर आणखी उत्तम. अक्षर बारीक होत जात असेल तर रेघांच्या वहीत लिहावे, रेघ ही पावलासमोरच्या पट्टीसारखीच खूण असते. बँकेतली सही जुळेनाशी होण्याआधी शाखेत जाऊन नवा नमुना देऊन ठेवा. निवृत्तिवेतन आणि नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला यांत विनाकारण खेटे घालावे लागतात ते टळतील.

आता थोडे मागे जाऊन आठवा. आठ-दहा वर्षांपूर्वीपासून बाबांना उदबत्तीचा किंवा करपलेल्या फोडणीचा वास येईनासा झाला होता का? बद्धकोष्ठ जडले होते का? झोपेत ओरडणे, लाथा झाडणे, पलंगावरून पडणे असे काही घडत होते का? स्वप्न पाहताना आपले स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून स्वप्नातला पाठलाग अंथरुणात घडत नाही; या आजारात ती व्यवस्था कंपाच्या कितीतरी वर्षे आधी ढासळू शकते. हे विचारण्याचे कारण असे, की कंपवात हा हातांचा आजार नसून सगळ्या शरीराचा आहे. मनाची उदासी हीदेखील त्याचाच भाग असते. "आजारामुळे खचले आहेत" एवढ्यावर ती सोडून देऊ नका. तिच्यावर औषध आहे आणि ते लागू पडते. तोंडात लाळ साचते ती जास्त तयार होते म्हणून नव्हे, तर गिळण्याची आपोआप होणारी क्रिया कमी झाल्यामुळे. जेवताना वारंवार ठसका लागू लागला तर ते मात्र तातडीने सांगा, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो.

एमआरआय नॉर्मल असूनही निदान कसे झाले, याची शंका तुमच्या मनात असावी असे वाटते. काळ्या पेशी मरण्याची क्रिया नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसत नाही. तो काढतात तो पक्षाघात किंवा मेंदूत पाणी साचणे अशी दुसरी कारणे नाहीत ना, हे पाहण्यासाठी. जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये १८१७ साली या आजाराचे वर्णन केले ते सहा माणसांवरून, आणि त्यांतले काही तर त्यांनी केवळ रस्त्यावर चालताना पाहिलेले होते. आजही निदान मुख्यतः पाहूनच होते. अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला सांगितल्यावर बोटांतले अंतर कमी-कमी होत जाणे, हात मनगटापाशी वाकवताना दातेरी चाकासारखे हिसके लागणे, चालताना एकच हात न हलणे, हात मांडीवर विसावलेला असताना कापणे आणि काम करू लागताच कंप कमी होणे, या खुणा कोणत्याही फिल्मपेक्षा जास्त बोलतात. खांदा दुखण्यापासून सुरुवात होणे हेही नेहमीचेच. ताठरलेला खांदा आखडला म्हणून वर्षभर शेकत बसलेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत.

तुमच्या मुलाविषयी आणि तुमच्याविषयी निर्धास्त राहा असे सांगावेसे वाटते. सत्तरीच्या आसपास उद्भवणारा कंपवात बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो. हंटिंग्टन नावाचा हालचालींचा दुसरा एक आजार आहे, त्यात आई किंवा वडिलांकडून सदोष जनुक प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता ५० टक्के असते. कंपवाताचे गणित तसे नाही. घरात एकाहून अधिक जणांना, किंवा कोणाला चाळिशीच्या आत झालेला असेल, तर मात्र डॉक्टरांशी वेगळे बोला.

आजार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. तो वर्षागणिक पुढे सरकतो, पण सगळ्यांत सारख्या वेगाने नाही, आणि गोळ्या, व्यायाम व घरातली समज यांच्या जोरावर माणसे पुष्कळ वर्षे स्वतःची कामे स्वतः करतात. व्यायामाला मी गोळीइतकेच महत्त्व देते. बाबांचे देवळात जाणे कोणत्याही कारणाने बंद करू नका, फक्त ते गोळी चढलेल्या वेळेत ठेवा. काही वर्षांनी गोळ्यांचा अंमल फारच वरखाली होऊ लागला, तर मेंदूत तारा बसवण्याची डीबीएस नावाची शस्त्रक्रिया निवडक रुग्णांना उपयोगी पडते. आज तो विचार करायची गरज नाही. घरातली सुटी पायपुसणी आजच काढून टाका, न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, आणि सदऱ्याच्या बटणांमागे वेल्क्रो शिवून घ्या. बटणे वरून तशीच दिसतील.

आईंविषयी एक लिहायचे राहिले. "मुद्दाम चालले आहे" असे म्हणणारी बाई दुष्ट नसते, ती थकलेली असते. चार वर्षे गोळ्यांच्या वेळा, रात्रीची जाग आणि अबोल झालेला नवरा हे सगळे त्या एकट्या सांभाळत आहेत. आठवड्यातून एक दुपार तरी कोणी बाबांजवळ बसावे आणि आईंनी बाहेर पडावे, अशी व्यवस्था तुम्हा भावंडांना करता येईल का ते पाहा. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि २००१ पासून मुंबईतून काम करणारी पार्किन्सन्स डिसीझ अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या दोन्ही संस्थांत रुग्णांबरोबर त्यांची काळजी घेणारेही भेटतात. आईंना दुसऱ्या कोणाची तरी पत्नी भेटली तर तिचे म्हणणे माझ्या पत्रापेक्षा लवकर पटेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्रासाठी तपासणी करून घ्या. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास काही सवलती मिळू शकतात.

पुढच्या तपासणीला जाण्याआधी तीन दिवसांची एक वही करा. तासातासाला बाबांची हालचाल मोकळी, मध्यम की अडलेली, गोळी किती वाजता घेतली, नाश्ता-जेवण किती वाजता झाले, एवढेच लिहायचे. ही वही आईंनीच लिहावी असे मी सुचवेन, आणि तपासणीला त्यांनीही सोबत जावे.

बाबांना माझा नमस्कार सांगा.